मदत हवी आहे: नवी वेबसाइट झाली आणि गूगलवरून आम्ही गायब

अंतोरेकर
नमस्कार मंडळी. पेणला माझ्या मामेभावाचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे, वेबसाइट मी सांभाळतो. परदेशातल्या मूर्ती जहाजाने जातात, त्यामुळे तिकडचे लोक चतुर्थीच्या कितीतरी महिने आधीपासून शोधायला लागतात. म्हणजे आत्ताच.

जुनी साइट दिसायला गावठी होती, पण 'पेण शाडू गणपती' टाकलं की पहिल्या पानावर यायची. दिवाळीनंतर एकांकडून वर्डप्रेसवर नवी करून घेतली, डोमेन तेच ठेवलं. दिसते झकास! पण सर्च कन्सोलमधला (आपली साइट गूगलवर कशी दिसते ते सांगणारं गूगलचंच साधन) क्लिकचा आलेख तेव्हापासून घसरतोय तो घसरतोयच. आता दिवसाला दोन-तीन क्लिक, तेही कारखान्याचं नाव टाकून आलेले. त्यातला एक बहुधा मीच.

साइट करणारे म्हणतात, 500 बॅकलिंकचं (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकांचं) पॅकेज घ्या. विकतच्या लिंका गूगलच्या 2012 च्या पेंग्विन अपडेटपासून अंगलट येतात असं वाचलंय. घ्यावं का? साइटमॅप (गूगलसाठी पानांची यादी) दिलाय, मोबाइलवर नीट उघडते, प्रत्येक पानावर कीवर्डचा मेटा टॅगही भरलाय.

खटपट्या
पॅकेजचे पैसे रंगकामाला वापरा. आणि तो कीवर्डचा टॅग गूगल बघत नाही, 2009 मध्येच त्यांनी तसं जाहीर केलंय.

वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये 'रीडिंग'खाली सर्च इंजिनांना मज्जाव करणारी एक चौकट असते. काम चालू असताना टिक करतात आणि मग काढायची राहते. ती बघा. शिवाय जुन्या साइटवरच्या एखाद्या मूर्तीच्या पानाचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. काय उघडतं?

अंतोरेकर
चौकट कोरी आहे. जुना कुठलाही पत्ता टाकला तरी मुखपृष्ठच येतं. 'रिडायरेक्ट केलंय' असं ते म्हणाले होते, ते हेच असावं.

खटपट्या
सापडलं की मग! सगळी जुनी पानं एकाच दारात आणून सोडली, तर गूगल त्यांना सॉफ्ट 404 धरतं, म्हणजे पान उरलंच नाही. जुन्या पानांची पुण्याई नव्यांना मिळालीच नाही. लंबोदराचं जुनं पान नव्या लंबोदराच्याच पानावर गेलं पाहिजे, 301 ने, म्हणजे कायमच्या रिडायरेक्टने. जुने पत्ते सर्च कन्सोलमध्ये मिळतील, तिथे 16 महिन्यांचा डेटा असतो. रिडायरेक्ट निदान वर्षभर तरी काढू नका.

माहेरची_गौर
मी न्यू जर्सीहून बघितली साइट (व्यक्तिगत निरोपात लिंक मिळाली). मूर्तीचं नाव, उंची सगळं फोटोतच लिहिलंय, पानावर मजकूर औषधालाही नाही. गूगलने काय वाचायचं? आम्ही इंग्रजी अक्षरांत 'शाडू', 'इको फ्रेंडली', 'बारा इंच' असं शोधतो. मूर्ती शाडूची की पीओपीची, उंची इंचात, वजन किती, हे साधं लिहा. वजन तर मला हवंच असतं, कुरिअर त्यावरच ठरतं.

अंतोरेकर
वजनाचं डोक्यातच आलं नव्हतं. भावाला काटा घेऊन बसवतो. जुने पत्ते 140 निघाले, जोड्या लावायला घेतल्यात. पण त्यातल्या तीसेक मूर्तींचे साचे आता मोडीत काढलेत. त्यांची पानं कुठे वळवू? जवळच्या दुसऱ्या मूर्तीकडे, की 404 च राहू देऊ?