‘कच खाल्ली’, ‘ढेपाळले’ की ‘अवसान गळालं’?

सांगलीकर: ८ जुलै २०१४, फुटबॉल वर्ल्डकप सेमीफायनल, जर्मनी ७, ब्राझील १. आमच्या ग्रुपवर परत ही मॅच निघाली आणि वाद पेटला शब्दावरनं. कोण म्हणतंय ब्राझीलनं कच खाल्ली, कोण म्हणतंय ढेपाळले. बरोबर काय?

मिरजकर: कच खाणारा लढायच्या आधीच पाय मागं घेतो. हे तर पहिला गोल बसल्यावर उलट पुढंच धावत सुटले! डेव्हिड लुईझ, मार्सेलो बचाव सोडून वर, मागं मोकळं रान. ‘ढेपाळणं’ही नको. फडात लांबलेल्या कुस्तीत दम उखडलेला पैलवान ढेपाळतो. हितं २३ ते २९ मिनिटांत चार गोल बसले. दम संपायला वेळ तरी मिळाला का?

तासगावकर: मग हाय खाल्ली म्हणा.

सातारकर: हाय खाल्लेला माणूस महिना महिना झुरतो. माझं मत ‘अवसान गळालं’. अवसान म्हणजे नुसता धीर नव्हे, प्रसंगावधानही त्यात आलं. हिंदीतला ‘औसान’ बघा. चौथा गोल आठवा. मधून खेळ सुरू होतोय तोवर जर्मनीच्या क्रूसनं ब्राझीलच्या फर्नांडिन्योच्या पायातनं बॉल काढला, आपल्याच खेदिराशी देवघेव केली आणि मारला. फर्नांडिन्योला खेळता येत नव्हतं असं थोडंच आहे? भान सुटलं होतं.

आणि मुळात ते अवसान उसनं होतं. नेमार मणक्याला मार लागून बाहेर, कप्तान थियागो सिल्वा दोन पिवळ्या कार्डांमुळं बाहेर. राष्ट्रगीताला नेमारचा शर्ट हातात धरून उभे राहिले. मला तेव्हाच ते लक्षण बरं वाटलं नव्हतं. घरच्या मैदानावरची भावना पहिल्या गोलापर्यंत पुरते, पुढं मागची फळी कुणी लावायची?

तासगावकर: बरं, मग २००५ ची चॅम्पियन्स लीग फायनल? मिलान हाफटाइमला ३-० पुढं, आणि ५४ ते ६० मिनिटांत लिव्हरपूलनं तिन्ही फेडले. माल्दिनीच्या टीमचं अवसान उसनं म्हणणार का?

सातारकर: नाही. त्यांची सहा मिनिटं भंबेरी उडाली. भंबेरी उडालेला सावरतो, तसे तेही सावरले. जादा वेळेत त्यांच्या शेव्हचेन्कोचे लागोपाठ दोन फटके लिव्हरपूलचा गोलकीपर दुदेकनं अडवले नसते तर कप त्यांचाच होता. हरले ते पेनल्टीवर.

मिरजकर: पटलं. फक्त पेपरवाल्यांनी दर वेळी ‘पानिपत’ छापायचं बंद करावं.