मदत हवी आहे: 'सी' वायर लावूनही नवा थर्मोस्टॅट सुरू होत नाही

घर गरम करणारी गॅस फर्नेस (भट्टी) आणि बाहेरचं कूलिंग युनिट एकाच थर्मोस्टॅटवर चालतात. जुना थर्मोस्टॅट बॅटरीवरचा होता आणि त्याच्या अक्षरं लिहिलेल्या स्क्रूंना चार वायरी होत्या: आरला लाल, डब्ल्यूला पांढरी, वायला पिवळी, जीला हिरवी. भिंतीत एक निळी वायर गुंडाळून ठेवलेली सापडली. ती नव्या वायफाय थर्मोस्टॅटच्या सीला लावली, बाकीच्या होत्या तशाच ठेवल्या. स्क्रीन लागत नाही. वायर तुटली असेल की थर्मोस्टॅटच खराब?

प्रतिसाद १

आधी निळ्या वायरचं दुसरं टोक बघा. भिंतीत गुंडाळलेली वायर बहुतेक वेळा फर्नेसकडेही मोकळीच सोडलेली असते. फर्नेसमधल्या ट्रान्सफॉर्मरचे २४ व्होल्ट आरवर येतात, परतीची बाजू म्हणजे सी. जुना थर्मोस्टॅट नुसता स्विच होता: आर डब्ल्यूला जोडला की हीटिंग, वायला जोडला की कूलिंग, जीला जोडला की पंखा. नव्याला स्क्रीन आणि वायफाय सतत चालवायचे असल्याने परतीची वाट लागतेच.

फर्नेसचा ब्रेकर बंद करा. फर्नेसचं दार काढल्यावर आतला सेफ्टी स्विच वीज तोडतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. आतल्या कंट्रोल बोर्डावर (फर्नेस चालवणाऱ्या सर्किटवर) आर, डब्ल्यू, वाय, जी, सी असे स्क्रू दिसतील. वाय आणि सीखाली आधीच दुसऱ्या केबलची एकेक वायर असेल. ती बाहेरच्या युनिटची, तिला हात लावू नका. निळीचं टोक साधारण ८ मिलिमीटर सोलून सीखाली तिच्या शेजारी घट्ट बसवा. तांबं स्क्रूबाहेर लोंबता कामा नये, शेजारच्या वायरला टेकलं की शॉर्ट.

रंगावर भरवसा ठेवू नका. कोणती वायर कोणत्या अक्षराखाली आहे ते दोन्ही टोकांना बघा आणि फोटो काढून ठेवा. भिंतीत जाड वायरी टोप्या लावून जोडलेल्या दिसल्या तर मात्र थांबा. तो घरगुती व्होल्टेजवरचा हीटर असू शकतो आणि त्यावर हा थर्मोस्टॅट जळेल.

प्रश्नकर्ता

निळी खरंच मोकळी होती. सीला लावली, दार बसवलं, ब्रेकर चालू केला. भिंतीवर आर आणि सीमध्ये मीटर शून्य दाखवतोय.

प्रतिसाद २

मीटर एसी व्होल्टवर असल्याची खात्री करा. २४ ते २८ दिसायला हवेत. दार नीट बसलं नसेल तरी शून्यच येतं. दोन्ही ठीक असेल तर बोर्डावरचा फ्यूज बघा. मोटारीत असतो तसा चपटा फ्यूज असतो, जांभळा ३ अँपिअरचा किंवा फिकट तपकिरी ५ अँपिअरचा. पारदर्शक प्लास्टिकमधून आतली पट्टी तुटलेली दिसेल. पहिल्यांदा वायरी बदलताना ब्रेकर चालू राहिला असेल आणि लाल वायर सीला किंवा फर्नेसच्या पत्र्याला टेकली असेल, तर तो तेव्हाच उडाला.

तेवढ्याच अँपिअरचा लावा, मोठा कधीच नको. ४० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) ट्रान्सफॉर्मर जेमतेम १.७ अँपिअर देतो. मोठा फ्यूज वाचेल आणि ट्रान्सफॉर्मर जळेल. कूलिंग लावल्यावरच फ्यूज पुन्हा उडाला, तर थर्मोस्टॅटला दोष देऊ नका. ब्रेकर बंद करून बोर्डावरच्या वायखालून बाहेर जाणारी वायर काढा. आता टिकला तर दोष बाहेरच्या केबलमध्ये किंवा युनिटच्या कॉन्टॅक्टरच्या (युनिट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या) कॉइलमध्ये.

प्रश्नकर्ता

फ्यूजच होता, जांभळा. बदलला, आता २६ व्होल्ट येतात आणि स्क्रीन लागली. जास्तीची वायर नसतीच तर?

प्रतिसाद १

मग हिरवी दोन्ही टोकांना जीवरून काढून सीला लावता येते आणि बोर्डावर वाय व जीमध्ये जंपर (दोन स्क्रू जोडणारा वायरचा छोटा तुकडा) टाकावा लागतो, म्हणजे कूलिंगसोबत पंखा फिरतो. हीटिंगचा पंखा बोर्ड स्वतः चालवतो. नुसता पंखा लावायची सोय तेवढी जाते. नवी केबल ओढणं शक्य असेल तर तेच करा, १८ गेजची पाच वायरींची.

आणि सेटिंगमध्ये फर्नेसचा प्रकार गॅस निवडा. इलेक्ट्रिक राहिला तर थर्मोस्टॅट हीटिंगसोबतच जीही चालू करतो आणि फर्नेस तापायच्या आत पंखा गार हवा फेकतो.