मदत हवी आहे: घरचे बेक्ड बीन्स

लंडनकर मंडळी, डब्यातल्या बेक्ड बीन्समध्ये साखर फार, म्हणून हल्ली घरीच करते. सुके हॅरिकॉट बीन्स (छोटे पांढरे दाणे) रात्रभर भिजवून आधी नुसतेच शिजवते. टोमॅटो नंतर, कारण आंबटात दाणा लवकर शिजत नाही. इथलं पाणी जड (क्षारांचं), त्यातही दाणा लवकर शिजत नाही, म्हणून चिमूटभर सोडाही घालते. पण कुकरला लावले की निम्म्यांची सालं सुटून वर तरंगतात आणि दाणा मधोमध कच्चाच! हा सोड्याचा प्रताप की मोठ्या आचेचा? शिट्ट्या किती घेता? पातेल्यात तासन्‌तास गॅस जाळायची तयारी नाही.

शिवाय रस दाटसर कशाने येतो, कॉर्नफ्लोअर लावून की थोडे बीन्स घोटून? मुलं टोस्टवर घेतात, पातळ रस्सा चालत नाही. (सासूबाई वरून कांदा-शेव घालून खातात, त्यांची काही तक्रार नाही.)