मदत हवी आहे: 'इश्यू' या इंग्रजी शब्दाचे मराठी अर्थ (तातडीचं)

पागोळी
'इश्यू'ला मराठीत काय काय म्हणतात? सगळे अर्थ आणि समानार्थी शब्द हवे आहेत. 'समस्या', 'अडचण', 'मुद्दा' कृपया सांगू नका. ते मला माहीत आहेत आणि ते बसत नाहीत. उद्या सकाळी अकराला कागद द्यायचा आहे. भाषांतराच्या ॲपवर तीनदा घालून पाहिलं, तिन्ही वेळा 'समस्या'च आलं.

जुना_छापखाना
'अंक'. दिवाळी अंक, विशेषांक, जोडअंक. मी सतरा वर्षं मासिकांच्या छपाईत होतो, आमच्याकडे दुसरा शब्दच नव्हता.

तेजीमंदी
शेअरचा असेल तर 'समभाग विक्री'. राइट्स इश्यू म्हणजे 'हक्कभाग विक्री'.

तिसरा_बाक
आधी वाक्य द्या. पासपोर्ट 'जारी' होतो, समन्स 'काढतात', धनादेश 'देतात', आदेश 'निघतो', आणि वाचनालयातलं पुस्तक आपण सरळ 'इश्यू'च करतो. इंग्रजीत सगळीकडे एकच शब्द. वाक्याशिवाय कोण काय सांगणार?

पागोळी
मासिक नाही, शेअर नाही. घरचा जुना कागद आहे. माणसाबद्दल वापरलाय शब्द.

निवृत्त_कारकून
कागद कोर्टाचा आहे का? दिवाणी दाव्यात दोन्ही बाजूंचं म्हणणं दाखल झालं की न्यायाधीश 'मुद्दे काढतात', दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १४. तुम्हाला 'मुद्दा' नको आहे, पण कोर्टात तोच शब्द चालतो. शंका असेल तर भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश बघा. मी नोकरीभर तोच वापरला.

शब्दवेडी
मोल्सवर्थ बघा ना, नेटवर फुकट आहे.

तिसरा_बाक
मोल्सवर्थचा कोश मराठी-इंग्रजी आहे, ताई. इंग्रजीवरून मराठी हवं असेल तर मोल्सवर्थ आणि कँडी यांचा १८४७चा. पण वाक्य कुठे आहे?

पागोळी
पणजोबांचं १९५७चं मृत्युपत्र, सॉलिसिटरकडून करून घेतलेलं, म्हणून इंग्रजीत. वाक्य: 'इफ माय सेड डॉटर शाल डाय विदाउट लीव्हिंग इश्यू'. पुढे जागा कुणाला जाईल ते आहे. ॲप म्हणतं, 'समस्या न सोडता मरण पावली'.

काळा_कोट
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. इथे इश्यू म्हणजे संतती, अपत्य. 'निःसंतान मयत झाल्यास' असं लिहा, काम झालं.

सह्यकडा
'निपुत्रिक' जास्त रुळलेला आहे. आमच्या गावच्या जुन्या फेरफारांत सगळीकडे 'निपुत्रिक मयत' असंच आहे. 'बिनवारस'ही चालेल.

काळा_कोट
'बिनवारस' अजिबात नको. मूल नसलं तरी नवरा, भाऊ, पुतणे वारस असू शकतात. निःसंतान वेगळं, बिनवारस वेगळं.

पागोळी
'निपुत्रिक' नको! सगळं भांडण त्याच शब्दाचं आहे.

तिसरा_बाक
कसलं भांडण? ते सांगितलंच नाहीत तुम्ही.

पागोळी
सांगते. पणजोबांनी दादरची जागा आजीला दिली. ती 'विदाउट इश्यू' गेली तर जागा त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलांना. आजी मागच्या वर्षी गेली. तिला एकच मूल, माझी आई. धाकट्या भावाच्या नातवाने, म्हणजे माझ्या चुलतमामाने, कुठून तरी मराठी तर्जुमा आणलाय आणि त्यात 'निपुत्रिक' आहे. तो म्हणतो, तुझ्या आजीला मुलगा नव्हता, म्हणून जागा आमची. आई दोन दिवस जेवलेली नाही. आजीचं सगळं शेवटपर्यंत तिनेच केलं, आणि आता कागदावर ती नाहीच म्हणे.

सह्यकडा
माझ्या शब्दाने तुमच्या आईंना त्रास झाला असेल तर माफ करा. पण बोलताना 'निपुत्रिक जोडपं' म्हणजे मूलच नसलेलं जोडपं. मुली असलेल्याला कुणी निपुत्रिक म्हणत नाही.

शब्दवेडी
बोलण्यात नसेल म्हणत. पण शब्दात 'पुत्र' बसलाय, आणि ज्याला भांडायचंय तो तेवढंच धरतो. म्हणून माझं मत 'अपत्य'ला. नपुंसकलिंगी शब्द, 'ते' अपत्य. मुलगा की मुलगी हा प्रश्नच येत नाही. शिवाय इश्यूचं मूळ लॅटिनमधल्या 'बाहेर जाणे' या क्रियापदात आहे, 'एक्झिट'चंही तेच. म्हणून अंक, नोटा, आदेश आणि संतती एका शब्दात आले, सगळं कुठून तरी बाहेर आलेलं. आणि यास्काने निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, 'अपत्य'ची फोड 'अपततं' अशी दिली आहे, म्हणजे पित्यापासून वेगळं होऊन पसरलेलं. दोन भाषा किती जवळ आल्या बघा.

निवृत्त_कारकून
शाळेच्या 'प्रवेश-निर्गम' उताऱ्यातला 'निर्गम' म्हणजेही बाहेर जाणंच.

हक्क_समान
पागोळी ताई, घाबरू नका. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः समान हक्क मिळाला आहे. महाराष्ट्रात तर १९९४ सालीच तशी दुरुस्ती झाली होती.

काळा_कोट
खरं आहे, पण इथे लागत नाही. ती दुरुस्ती एकत्र कुटुंबातल्या सहदायकीची, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतल्या जन्मसिद्ध वाट्याची, हा मृत्युपत्राच्या अर्थाचा प्रश्न. इथे उपयोगाचं आहे ते भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५चं कलम ९९. मृत्युपत्रातल्या 'इश्यू'त खालच्या पिढ्यांतले सगळे थेट वंशज येतात असं त्यात म्हटलं आहे, म्हणजे मुलगी, नात, पणतूसुद्धा. मात्र हिंदूंच्या मृत्युपत्राला त्या अधिनियमाची सगळी कलमं लागू होत नाहीत. हे कलम तसंच्या तसं पुढे करू नका, आधी तुमच्या वकिलांना विचारा. आणि दस्त मूळचा इंग्रजी, तेव्हा अर्थ मूळ शब्दाचाच लावायचा. मामांचा तर्जुमा कुणी केला, त्यावर सही कुणाची, हे उद्या पहिलं विचारा.

तेजीमंदी
दादरला आत्ता भाव काय चाललाय? जागा विकणार असाल तर आधी मूल्यांकन करून घ्या.

तिसरा_बाक
तो विषय नाही, दादा. पागोळी, मूळ कागदावर 'इश्यू'च्या आधी काही आहे का? जुन्या मृत्युपत्रांत 'मेल इश्यू' असंही लिहीत. तसं असेल तर मामांचं म्हणणं बरोबर ठरेल.

पागोळी
थांबा, बघते. माझ्याकडे झेरॉक्सची झेरॉक्स आहे.

पागोळी
भिंगाखाली पाहिलं, आईलाही दाखवलं. 'मेल' नाही. 'एनी लॉफुल' असं आहे, 'विदाउट लीव्हिंग एनी लॉफुल इश्यू'. पुसट होतं म्हणून घाईत मी सोडूनच दिलं होतं.

काळा_कोट
'एनी' म्हणजे 'कोणतेही'. तो शब्द तुमच्या बाजूचा आहे, तो आणि 'कायदेशीर' दोन्ही लिहा. एकही शब्द गाळू नका. झेरॉक्सवर जाऊ नका. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, झालं असेल तर उच्च न्यायालयातून मृत्युपत्राची प्रमाणित नक्कल काढा.

पागोळी
असं लिहिलंय: 'माझी सदर मुलगी कोणतेही कायदेशीर अपत्य मागे न ठेवता मयत झाल्यास'. प्रोबेटचं आईला माहीत नाही, सकाळी वकिलांना विचारते. आईने वाक्य दोनदा मोठ्याने वाचून घेतलं माझ्याकडून. आत्ता ताट घेतलंय तिने.

जुना_छापखाना
'सदर'च्या जागी 'उपरोक्त' जास्त शोभेल.

तिसरा_बाक
'सदर' राहू द्या.