फुलांच्या टाक्यांची टोपी आवळते आहे

प्रश्न: लाखनी तालुक्यातील आमच्या गावी बाबा भल्या पहाटे गारठ्यात धानाच्या चुरणीला जातात, म्हणून त्यांच्यासाठी 10 नंबरच्या सुयांवर 81 टाक्यांची टोपी घातली आहे. काठ नीट बसला, परंतु फुले सुरू होताच वीण आवळली आणि तीन टाक्यांत सुईचे टोकही शिरेना. काय चुकले असावे?

उत्तर: ताई, चूक आपली नाही. 3 टाके एकत्र उलट विणून, ते सुईवरून न सोडता, धागा सुईभोवती घेऊन त्याच तिघांतून पुन्हा एकत्र उलट विणले की फूल होते; ही वीण मुळातच आवळते. काठानंतर 8 नंबरच्या सुया घ्याव्यात (नंबर लहान, सुई जाड!) आणि 8 टाके वाढवून 89 करावेत, कारण संख्या चारच्या पटीत अधिक एक लागते. फुलांआधीची सुलट ओळ सैल हाताने विणावी.

दुसरे उत्तर: फुलांची पुढची ओळ 1 सुलट, 1 उलट, 1 सुलट अशी सुरू करावी, म्हणजे फुले उभ्या रांगेत एकाखाली एक न येता मधोमध बसतात.

प्रश्नकर्ती: काठापर्यंत उसवले आहे, काकू. लोकर जरा केसाळली, तेवढेच.