कोळंबी आणि तांदळाच्या शेवयांचे सूप घरी करताना सारात चव का उतरत नाही?

टिळकवाडीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या सासूबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या, वय ७९. मासळीशिवाय त्यांना जेवल्यासारखे वाटत नाही. परंतु गेल्या दिवाळीनंतर त्यांचे बरेचसे दात काढावे लागले आणि तेव्हापासून भाकरी तर सोडाच, भातही गुरगुट्या करून द्यावा लागतो. मार्च महिन्यात आम्ही गोव्याला गेलो असताना एका उपाहारगृहात त्यांनी कोळंबी आणि तांदळाच्या बारीक शेवया घातलेले व्हिएतनामी धाटणीचे सूप चाखले, वाटी तळापर्यंत संपवली आणि "हे घरी जमेल काय गं?" असे विचारले. त्यानंतर मी तीन वेळा ते करून पाहिले, आणि तिन्ही वेळा त्यांनी दोन चमचे घेऊन वाटी बाजूला सारली.

मी काय केले ते जसेच्या तसे लिहिते, म्हणजे चूक कुठे झाली हे जाणकारांना सांगता येईल. इथे बेळगावात कॅम्पातल्या मासळी बाजारातून अर्धा किलो मध्यम आकाराची कोळंबी आणली, नेहमीप्रमाणे डोकी आणि साले काढून टाकली, काळा दोरा काढला आणि हळद-मीठ लावून ठेवली. दीड लिटर पाण्यात आले, लसूण, हिरवी मिरची आणि परसातला गवती चहा घालून पाणी उकळले, त्यात कोळंबी पंधरा मिनिटे शिजवली आणि शेवटी तांदळाच्या नूडल्सचे २०० ग्रॅमचे पाकीट त्याच पातेल्यात सोडून आणखी सात-आठ मिनिटे उकळू दिले. सार पिवळे आणि पाणचट झाले, कोळंबी चिवट झाली आणि शेवयांचा लगदा झाला. फिश सॉस इथे पटकन मिळत नाही, म्हणून तो घातला नव्हता. त्यामुळेच चव आली नसेल का? की मूळ पद्धतच चुकते आहे? कृपया सविस्तर सांगावे.

खानापूरचा जहाजी

ताई, फिश सॉसची उणीव ही फार पुढची गोष्ट आहे. ज्या डोक्यांमध्ये आणि सालांमध्ये या सुपाची चव असते, तीच आपण आधी टाकून दिलीत. मी अकरा वर्षे जहाजावरच्या स्वयंपाकघरात काम केले आणि त्या काळात सिंगापूर, पिनांग आणि बँकॉक या बंदरांत गाड्यांवर उभे राहून ही सुपे पुष्कळ खाल्ली. पिनांगला कोळंबीच्या सुपाच्या गाडीवर सोललेल्या सालांचा ढीग बाजूला ठेवलेला मी पाहिला आहे. तो त्यांच्यासाठी मसाल्याइतकाच मोलाचा असतो.

अर्धा किलो कोळंबीची डोकी आणि साले धुऊन चाळणीवर चांगली निथळू द्या, कारण ओली साले तेलात पडली की भाजली न जाता नुसती वाफवतात. जाड बुडाच्या कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून मोठ्या आचेवर ती चार-पाच मिनिटे परता. प्रथम कच्च्या मासळीचा उग्र वास येईल, मग तो जाऊन खमंग, किंचित गोडसर वास सुटेल, आणि करडी साले बघता बघता केशरी होतील. कोळंबीच्या अंगातले केशरी रंगद्रव्य कच्चेपणी एका प्रथिनाला बांधलेले असते, म्हणून ते निळसर-करडे दिसते. उष्णतेने ते प्रथिन मोडते आणि रंग मोकळा होतो. हा रंग तेलात विरघळणारा आहे, त्यामुळे आधी तेलात परतल्याशिवाय सारावर तो सुंदर तांबूस तवंग येत नाही. याच वेळी डावाच्या पाठीने डोकी दाबून फोडा, म्हणजे आतला केशरी गर तेलात उतरेल. खरी चव त्या गरात असते.

आता सव्वा लिटर कढत पाणी ओता, चार लसूण पाकळ्या, अंगठ्याएवढे ठेचलेले आले आणि गवती चहा घाला, आणि मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे ठेवा. तासभर उकळले तर जास्त चव येईल असे वाटते खरे, पण मटणाच्या हाडांप्रमाणे साले फार वेळ उकळायची नसतात. सार कडवट होऊ लागते. नंतर स्वच्छ पातळ फडक्यातून गाळून घ्या आणि चोथा घट्ट पिळा. सासूबाईंसाठी हे गाळणे अजिबात टाळू नका, कारण मिशांचे आणि सालांचे बारीक टोकदार तुकडे हिरडीला लागतात.

गवती चहाविषयी एक सूचना करतो. आपण चहात पाती घालतो, तर तिकडे मुळाजवळचा पांढरट, जाडसर दांडा वापरतात. आपल्या परसातल्या रोपाचा तो भाग बारीक असतो, म्हणून तीन-चार दांडे मुळापासून कापून बत्त्याने ठेचून घ्या आणि नंतर काढून टाका. हळद मात्र या सारात नको. वास जावा म्हणून आपण ती सवयीने लावतो, पण सार पिवळे पडण्याचे कारण तीच आहे.

कोळंबी शिजवण्याचा वेळ हा सर्वांत नाजूक भाग आहे. सोललेली कोळंबी फडक्याने कोरडी करा, पाव चमचा मीठ आणि अगदी चिमूटभर खाण्याचा सोडा चोळून पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा. सोड्यामुळे ती शिजल्यावर रसरशीत राहते. वाढण्याच्या आधी गाळलेल्या साराला खळखळून उकळी आणा, आच कमी करा आणि मगच कोळंबी सोडा. मध्यम कोळंबीला दोन मिनिटे, फार तर अडीच. पारदर्शकपणा जाऊन ती दुधी-गुलाबी झाली आणि सैल वळली की झाली. शेपूट डोक्याच्या बाजूला घट्ट टेकून कडे झाले असेल, तर ती जास्त शिजली असे समजा. आपण पंधरा मिनिटे शिजवलीत, त्यात कोणतीही कोळंबी चिवटच होणार.

फिश सॉस म्हणजे बारीक मासळी भरपूर मिठात कित्येक महिने मुरवून काढलेला रस असतो. व्हिएतनाममध्ये त्याला नुओक माम आणि थायलंडमध्ये नाम प्ला म्हणतात. त्याचे काम खारटपणाबरोबर एक खोल चव देण्याचे आहे. ते काम आपल्याकडचे सोडे (सोलून वाळवलेली कोळंबी) किंवा जवळा (अगदी बारीक सुकी कोळंबी) उत्तम करतात. दोन चमचे जवळा निवडून, कोरड्या तव्यावर खमंग भाजून सालांबरोबरच सारात घाला. मलेशियातल्या कितीतरी सुपांच्या वाटणात सुकी कोळंबी असतेच, त्यामुळे ही तडजोड आहे असे मनात आणू नका. लिंबाचा रस मात्र गॅस बंद केल्यावरच पिळा, कारण लिंबू उकळले की कडू होते.

निपाणीची वाचक

जहाजीकाकांनी साराविषयी सगळे सांगितलेच आहे, म्हणून मी फक्त शेवयांपुरते लिहिते. अक्का, गव्हाच्या नूडल्सप्रमाणे तांदळाच्या नूडल्स उकळू नयेत. गव्हात चिकटपणा देणारे प्रथिनांचे जाळे असते, ते धागा धरून ठेवते. तांदळात तसे जाळे नसल्याने धागा केवळ शिजलेल्या स्टार्चच्या बळावर टिकतो, आणि गरम सारात जितका वेळ राहील तितके पाणी पिऊन फुगत जातो व शेवटी तुटतो. तुम्ही सात-आठ मिनिटे उकळल्या, तिथेच त्यांचा लगदा झाला.

बारीक शेवया असतील तर साध्या पाण्यात वीस मिनिटे भिजवा, मग चाळणीत घेऊन उकळत्या पाण्यात तीस ते चाळीस सेकंद बुडवा आणि लगेच गार पाण्याखाली धुऊन वरचा चिकट थर घालवा. रुंद पट्टीच्या असतील तर अर्धा तास भिजवून एक-दोन मिनिटे लागतात. धुतल्यावर दोन थेंब तेल हाताला लावून मोकळ्या करून ठेवा. शेवया आणि सार शेवटच्या क्षणापर्यंत वेगळे ठेवायचे, हा एकच नियम पाळलात तरी निम्मे काम झाले. वाढताना शेवया पुन्हा क्षणभर गरम पाण्यात बुडवून वाटीत घाला, नाहीतर गार शेवयांमुळे सार कोमट होते. त्यावर कोळंबी मांडा आणि वरून कढत सार ओता. चार माणसांना २०० ग्रॅम कोरड्या शेवया पुरेशा आहेत. पाकिटावरचे घटक वाचून घ्या, त्यात तांदूळ आणि पाणी एवढेच असावे, फार तर मीठ किंवा टॅपिओकाचे पीठ; मैदा असेल तर वर सांगितलेले वेळेचे हिशेब लागू पडणार नाहीत.

सासूबाई वेंगुर्ल्याच्या आहेत हे वाचून मला राहवले नाही. त्यांना शिरवाळे नक्की ठाऊक असतील. माझी आई सावंतवाडीकडची, आणि आमच्याकडे शिरवाळ्यांचा दिवस म्हणजे सगळे घर कामाला लागायचे: तांदळाच्या पिठाची उकड काढून तिचे मुटके वळायचे, ते उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि हात भाजत असतानाच लाकडी शेवग्यातून, म्हणजे शेवया पाडायच्या दांड्याच्या साच्यातून, दाबायचे. एक जण वरून जोर द्यायचा आणि दुसरा खाली ताटली फिरवायचा, कारण मुटका निवला की दांडा जागचा हलत नसे. ते आपण नारळाच्या गोड रसात खातो, पण तेच ताजे शिरवाळे या साराबरोबर पाकिटातल्या शेवयांपेक्षा मऊ लागतात आणि दात नसलेल्या माणसाला जिभेने दाबून खाता येतात. आपल्या इथे कन्नड घरांतून तांदळाची शाविगे, म्हणजे शेवया, करतात, तीही चालेल. पीठ मात्र जुन्या, मोकळा भात होणाऱ्या तांदळाचे घ्या. इंद्रायणीचे घेतलेत तर सगळा गोळा एकमेकाला चिकटून बसेल. बेळगाव बासमतीचा वास सुंदर, परंतु तो वास भाताच्या ताटातच शोभतो. या साराच्या वासाशी त्याची ओढाताण होते असे मला वाटते.

शेवटी नारळाचे दाट दूध अर्धी वाटी घातलेत तर वयस्कर माणसाला तिखट बाधणार नाही.

खानापूरचा जहाजी

नारळाच्या दुधाच्या सूचनेशी मी आदराने असहमत आहे. नारळाच्या दुधातले सूप हा लाक्सा या मलेशिया-सिंगापूरकडच्या शेवयांच्या सुपाचा प्रकार आहे, आणि त्याला सुक्या मिरचीचे, सुक्या कोळंबीचे वाटण तेलात परतून घ्यावे लागते. ते नसताना निव्वळ दूध ओतले तर आपलीच कोळंबीची आमटी शेवयांवर घातल्यासारखे होईल. सासूबाईंनी गोव्यात चाखलेले सूप व्हिएतनामी धाटणीचे होते, म्हणजे सार स्वच्छ असणार आणि वरून कोथिंबीर, कांद्याची पात आणि लिंबू. थायलंडचे तोम यम कुंग आणखी वेगळे. ते आंबट-तिखट असते आणि सहसा भाताबरोबर घेतात. २०२४ साली युनेस्कोने त्याची नोंद मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली, इतका त्या लोकांना त्याचा अभिमान आहे. प्रत्येकाचा रस्ता निराळा आहे, तेव्हा ताई, आधी एकच धरा आणि तो नीट साधू द्या. शिरवाळ्यांचे मात्र मला कधी सुचले नव्हते. ते मी स्वतः करून पाहणार आहे.

शहापूर पेठ

एक काळजीची गोष्ट नोंदवतो. आमच्या घरात एका मुलाला कोळंबीची ॲलर्जी आहे, आणि "तुकडे काढून नुसते सार देऊ" या समजुतीने एकदा पाहुण्यांकडे त्याला सार दिले गेले. अर्ध्या तासात ओठ सुजले आणि रात्री दवाखाना गाठावा लागला. ॲलर्जी आणणारे प्रथिन उकळल्याने नष्ट होत नाही आणि सालांच्या सारातही ते उतरते. जवळा आणि सोडे यांनाही हेच लागू आहे. घरी कोणी पाहुणे येणार असतील तर आधी विचारून घ्यावे.

दुसरे म्हणजे, डोकी वापरायची असतील तर कोळंबी त्याच दिवशीची हवी. आपल्याकडे ती चोर्ला किंवा आंबोली घाट चढून येते, तोवर काही तास गेलेले असतात. डोके धडाला घट्ट चिकटलेले असावे. ते सैल किंवा काळे पडलेले असेल, किंवा अमोनियासारखा झोंबरा वास असेल, तर त्या डोक्यांचे सार करू नये. लगेच शिजवणार नसाल तर घरी आल्याबरोबर डोकी वेगळी करून फ्रीझरमध्ये ठेवा, कारण डोक्यातील पाचक रस मांसात उतरून ते मऊ पाडतो.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी सकाळी लवकर जाऊन ताजी कोळंबी आणली आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे साले परतली. तो खमंग वास सुटला तेव्हा सासूबाई आपणहून काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि डोकी मी नीट दाबत नाही असे म्हणून त्यांनी डाव स्वतःच्या हातात घेतला. शेवग्यासाठी वेळ नव्हता, म्हणून चकलीच्या सोऱ्याला बारीक शेवेची चकती लावून शिरवाळे पाडले. थोडे तुटले, पण लगदा झाला नाही. नारळाचे दूध घातले नाही. सासूबाईंनी दोन वाट्या घेतल्या आणि दुसऱ्या वाटीत लिंबू जास्त पिळून मागितले.

आता एकच शंका उरली आहे. १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होईल, मग ३१ जुलैपर्यंत ताजी कोळंबी कुठली? त्या दोन महिन्यांत हे सूप करता येईल का?

निपाणीची वाचक

येईल, अक्का. आत्ता मे महिन्यात आठवडी बाजारात सुकी मासळी येते, तेव्हाच पावशेर सोडे आणि थोडा जवळा घेऊन कडक उन्हात एकदा फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. शिवाय आतापासून प्रत्येक वेळची ताजी डोकी आणि साले पिशवीत घालून फ्रीझरमध्ये साठवत जा. महिना-दीड महिना ती चांगली राहतात. करायच्या दिवशी मूठभर सोडे धुऊन कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. ते पाणी टाकू नका, गाळून सारातच घाला. भिजलेले सोडे सासूबाईंना चावता येणार नाहीत, म्हणून त्यांच्या वाटीपुरते पाट्यावर भरडून सारात दहा मिनिटे शिजू द्या. सोडे मुळात खारट असतात, तेव्हा मीठ अगदी शेवटी, चाखून पाहिल्यावरच घाला.