मदत हवी आहे: १९७१च्या लढाईतले आजोबा, पेन्शन नाही आणि ऑनलाइन नोंदही नाही

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा (आईचे वडील) मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. १९६४ला भरती झाले, १९७१ला पूर्व आघाडीवर होते. लढाईनंतर त्यांना रिझर्व्हवर, म्हणजे राखीव दलात, पाठवलं आणि काही वर्षांनी तिथूनही मोकळं केलं. हातात ग्रॅच्युइटी आली, पेन्शन बसलं नाही. आता वय ऐंशीच्या पुढे आहे, औषधपाण्याचं सगळं मामा बघतो.

त्यांचं माजी सैनिकाचं ओळखपत्र काढायचं आहे. ते झालं तर रक्षा मंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून मिळणाऱ्या मदतीसाठी अर्ज करता येईल. पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरच्या, हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांसाठी ती आहे. आधी महिन्याला ४००० रुपये होती, १ नोव्हेंबर २०२५पासूनच्या अर्जांना ८००० केली आहे. आजोबांसाठी ही रक्कम मोठी आहे.

घोडं अडलंय ते डिस्चार्ज बुकापाशी, म्हणजे लष्करातून सुटताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तिकेपाशी. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर ते स्कॅन करून चढवावं लागतं आणि आमचं २०१९च्या महापुरात भिजलं. नंबर, नाव, भरतीची तारीख वाचता येते. सेवा कधी आणि कशामुळे संपली ते ज्या पानावर होतं, तिथे शाई पसरून नुसता निळा डाग उरलाय. आणि नेमकी तीच तारीख लागते, कारण माजी सैनिक कुणाला म्हणायचं याचे निकष सुटण्याच्या तारखेप्रमाणे बदलतात. १ जुलै १९८७च्या आधी सुटलेल्यांना वेगळे, नंतरच्यांना वेगळे.

त्यात आणखी एक भानगड. लष्कराच्या कागदांवर आजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव आहे, आडनावच नाही. आधारवर आडनाव आहे. जन्मसालही जुळत नाही.

पेन्शनवाल्यांची सगळी माहिती ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर असते. ज्यांना पेन्शनच नाही ते तिथे येणार कुठून? म्हणजे ज्याला मदतीची जास्त गरज, तोच संगणकाला दिसत नाही. याउलट युक्रेनमध्ये लढाईत भाग घेतलेल्यांसाठी वेगळा कायदेशीर दर्जा आहे. तो जवानाने अर्ज न करता आपोआप मिळावा म्हणून तिथे संरक्षण खात्याच्या नोंदी माजी सैनिकांच्या डिजिटल नोंदवहीला जोडायचं काम झालं आहे. ओळखपत्र तिथल्या सरकारी ‘दिया’ अ‍ॅपमध्ये दिसतं. आपल्याकडेही १९७१च्या लढाईची संग्राम मेडल, ‘पूर्वी स्टार’, ‘पश्चिमी स्टार’ ही पदकं कुणाकुणाला दिली हे सरकारला माहीत असणारच, कारण दिली सरकारनेच. आजोबांच्या संग्राम मेडलच्या कडेवर त्यांचा नंबर आणि नाव कोरलेलं आहे, भिंगातून स्वच्छ वाचता येतं. मग ऐंशी वर्षांच्या माणसाने आपण लढलो हे पुन्हा का सिद्ध करायचं? मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

असो. सध्या मला एवढं सांगा: सुटल्याची तारीख दुसरीकडून कशी मिळवायची? नावातल्या फरकासाठी काय लागतं? आणि मेडल पुरावा म्हणून चालतं का? कुणी पेन्शन नसलेल्या वडिलांचं किंवा आजोबांचं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद (निवृत्त सुभेदार):

ताई, आजोबांना माझा रामराम सांगा.

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला आजोबांच्या सहीने अर्ज करा. तुमच्या नावाने केलात तर त्रयस्थाची माहिती म्हणून परत येईल. पेन्शन नसलेल्यांचे सेवेचे कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट करतात, तसं उत्तर आलं तर खचून जाऊ नका. ‘लाँग रोल’ नावाचं रजिस्टर कायम ठेवलेलं असतं. त्यातला उतारा पाहिजे असं अर्जात स्पष्ट लिहा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार टाका, तोही आजोबांच्याच नावाने.

मेडलच्या कडेचे फोटो जोडा. एकट्या मेडलवर ओळखपत्र मिळणार नाही, पण नंबर जुळवायला त्याचा उपयोग होतो. नावासाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करा.

आणि एक महत्त्वाचं. उतारा आला की कलर सर्व्हिस (प्रत्यक्ष पलटणीतली नोकरी) आणि रिझर्व्ह यांच्या वर्षांची बेरीज नीट करा. दोन्ही मिळून १५ वर्षं भरत असतील तर रिझर्व्हिस्ट पेन्शनचा हक्क लागू शकतो. त्यासाठी दाद मागायची वेळ आली तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे.

धागाकर्ती:

सुभेदारसाहेब, खूप आभार. लाँग रोलबद्दल आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आजोबांचा हात थरथरतो, सही जुन्या सहीसारखी येत नाही. अर्जावर अंगठा चालेल का? आणि तो कुणाकडून साक्षांकित करून घ्यायचा?